प्रयोगवहीतील ९८०



चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे नाव घेतले म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढे सागाची व बांबूची बने, मोहाची फुले, ताडोबाचे वाघ आणि फार झाले तर कोळशाच्या खाणी उभ्या राहतात. या अरण्यप्रदेशात पदार्थविज्ञानाचेही वर्ग भरतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः वरोऱ्याजवळ आनंदवनात, कुष्ठरोगमुक्त श्रमिकांच्या हातांनी उभे राहिलेले आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ सालापासून चालू आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, राजुरा, आरमोरी, गडचिरोली येथेही विज्ञानाचे पदवीशिक्षण मिळते. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली ही महाविद्यालये वाढली. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले आणि तेव्हापासून या दोन जिल्ह्यांची परीक्षा या दोन जिल्ह्यांतच होऊ लागली. म्हणजे शिकणारा विद्यार्थी इथला, शिकविणारा बहुधा इथला आणि आता परीक्षा घेणारे विद्यापीठही इथलेच. मग शिकविले जाणारे पदार्थविज्ञान तेवढे इथले आहे काय, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो मी एका आकड्याच्या आधाराने मांडणार आहे. तो आकडा ९८०.

पदवीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती एक प्रयोग हटकून येतो. दोऱ्याला धातूचा गोळा टांगावयाचा, तो हलकेच हलवावयाचा, वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते पाहावयाचे आणि दोऱ्याची लांबी व हा काळ यांवरून पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण काढावयाचे. प्रयोग इतका साधा की त्यास लागणारे साहित्य एखाद्या किराणा दुकानात मिळावे. पण प्रयोगवह्या तपासावयास बसलेल्या शिक्षकाला एक चमत्कार दिसतो. चाळीस विद्यार्थ्यांनी चाळीस दोऱ्यांनी केलेल्या या प्रयोगाचे उत्तर चाळीसही वह्यांत ९८० च्या आसपास येते, ९७९.८, ९८०.२, ९८०.५ असे. एवढी अचूकता साध्या दोऱ्याला व बोटाने दाबलेल्या घड्याळाला साधणारी नव्हे. तिचा उगम निराळा आहे. विद्यार्थी आधी उत्तर लिहितो, मग त्या उत्तरापासून उलट गणित करीत आंदोलनकाळापर्यंत येतो. विद्यार्थ्यांच्या बोलीत यास निरीक्षणे 'बसविणे' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे.

या खटाटोपातील खरी गंमत पुढेच आहे. ज्या उत्तरासाठी एवढी धडपड, ते ९८० इथले नव्हेच! पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तापाशी ती किंचित फुगलेली आहे, आणि स्वतःभोवती फिरतही आहे. त्यामुळे गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सर्वांत कमी, सुमारे ९७८.०, आणि ध्रुवावर सर्वांत अधिक, सुमारे ९८३.२ सेंटीमीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद इतके असते. ४५ अक्षांशावर ते ९८०.६ भरते, लंडनला ९८१.२. पुस्तकांत रूढ झालेले ९८० किंवा ९८१ हे आकडे त्या थंड मुलखांतून आले आहेत. चंद्रपूर साधारण २० उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हे मूल्य ९७८.६ च्या जवळपास येते. म्हणजे ज्या प्रामाणिक मुलाच्या वहीत ९७८ किंवा ९७९ आले असेल, तो सत्याच्या अधिक जवळ होता. पण शेजाऱ्याची वही पाहून त्याने ते खोडले, ९८० केले आणि पूर्ण गुण मिळविले!

दोन एककांचा हा फरक क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. त्यास इतिहासाने उत्तर देऊन ठेवले आहे. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे ग्रहांचे वेध घेण्यास गेला. पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते ठीक चालावे म्हणून त्यास लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. रिशेने आपली निरीक्षणे पॅरिसच्या आकड्याशी 'बसविली' नाहीत, म्हणून पुढे न्यूटनला पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे हे सांगताना त्यांचा आधार घेता आला. घड्याळ बिघडले असे म्हणून तो गप्प बसला असता, तर एक मोठा पुरावा तीन मिलिमीटरांखाली दबून राहिला असता.

आता आपल्या प्रयोगशाळेत हा फरक दिसू शकेल काय, ते पाहू. एक मीटर लांबीचा लंबक घ्या. चंद्रपुरात त्यास शंभर आंदोलनांना सुमारे २००.८ सेकंद लागतील. त्वरण ४५ अक्षांशावरचे असते तर २००.६ लागले असते. फरक अवघ्या एक पंचमांश सेकंदाचा, आणि घड्याळाची कळ दाबताना माणसाचे बोट चुकते तेही साधारण तेवढेच. वीस आंदोलनांत तर तो पार बुडून जातो. पण गोळा जड घेतला, पाचशे आंदोलने मोजली, म्हणजे सतरा मिनिटे चिकाटीने उभे राहिले, तर तोच फरक पूर्ण एका सेकंदाचा होतो, आणि एक सेकंद कोणालाही पकडता येतो. मात्र मग लांबीही तितक्याच काळजीने मोजावी लागेल. एक मीटरमध्ये दोन मिलिमीटर चुकले की सारा फरक गिळला गेला. सुती दोरा आर्द्र हवेत आपली लांबी बदलतो, म्हणून तारच घ्यावी. गोळा मध्यापासून दहा अंश ओढून सोडला, तर केवळ त्या मोठ्या झोक्यामुळे उत्तर जवळजवळ चार एककांनी खाली येते! म्हणून झोका दोन-तीन अंशांचाच ठेवावा. अशा एकेका शंकेचा पाठलाग करीत गेले म्हणजे तो किराणा दुकानातला दोरा एकाएकी पदार्थविज्ञान होतो. जो विद्यार्थी शेवटी लिहील की, "माझे उत्तर ९७७, आणि ते अधिक-उणे ३ ने चुकीचे असू शकेल," त्याने ९८०.२ लिहिणाऱ्यापेक्षा किती तरी अधिक सांगितले. त्याने एक संख्या सांगितली आणि त्या संख्येवर किती विसंबावे तेही सांगितले. मोजमापाचे उत्तर नेहमी असे दुहेरी असते. आमच्या प्रयोगवह्यांतून त्याचा दुसरा अर्धा भाग बहुधा गळून गेलेला असतो.

यात विद्यार्थ्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. सरासरी माणूस जिथे गुण असतात तिकडे जातो. प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तर पुस्तकाशी जुळले की गुण, न जुळले की प्रश्न. वहीवर सही हवी, सहीसाठी उत्तर हवे. अशा व्यवस्थेत वाढलेला मुलगा शहाणपणानेच वागतो. परंतु या मुलाचे पुढे काय होते? तो कोणी एटापल्लीकडून, कोणी सिरोंच्याकडून आलेला असतो. पुष्कळदा घराण्यातील पहिलाच पदवीधर. त्यांपैकी संशोधक फार थोडे होतील, हे उघड आहे. कोणी खाणीत हवेतील वायू मोजील, कोणी औष्णिक विद्युत्केंद्रात मापकांपुढे बसेल, कोणी रुग्णालयात क्ष-किरणयंत्र चालवील, कोणी वनखात्यात पर्जन्यमापक वाचील, आणि कोणी आपल्याच तालुक्यात शिक्षक होऊन पुढच्या चाळीस मुलांच्या वह्या तपासील. या प्रत्येक ठिकाणी समोरचा काटा जे दाखवितो ते लिहावयाचे की जे दाखवावयास हवे ते लिहावयाचे, असा प्रसंग येणारच. खाणीतील वायूचा आकडा 'बसविला' तर त्याची किंमत वहीतल्या गुणांनी मोजता येत नाही.

तेव्हा ज्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात नाहीत असे काही प्रयोग विद्यार्थ्यापुढे यावयास हवेत. असे प्रयोग शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. या प्रदेशाचा उन्हाळा घ्या. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही नित्याची गोष्ट. कधी ४७-४८ पर्यंतही तो चढतो. त्याच दिवसांत ओसरीवरच्या माठातले पाणी गार असते. का, हे शाळकरी मूलही सांगेल : पाणी झिरपते, वाळते, आणि वाळताना उष्णता घेते. पण किती? दहा लिटर पाणी १५ अंशांनी निवावयास दीड लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतात. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी नेते. म्हणजे बाहेरून उष्णता मुळीच आत आली नाही असे धरले, तरी पाव लिटरहून थोडे अधिक पाणी वाळलेच पाहिजे. प्रत्यक्षात बाहेरची तापलेली हवा माठाला सतत ऊन करीत असते, तेव्हा याहून जास्त वाळणार. किती जास्त? ते मातीच्या सच्छिद्रतेवर, वाऱ्यावर, माठ नवा की जुना यावर अवलंबून आहे. एक वजनकाटा, दोन तापमापक आणि बाजारातला माठ एवढ्यावर हे मोजता येते, आणि आरमोरीच्या बाजारातील माठाचे उत्तर लंडनच्या पुस्तकातून उतरवून घेण्याची सोय कोणालाही नाही.

दुसऱ्या तापमापकाच्या टोकास ओले फडके गुंडाळून त्याचा पारा कोठवर उतरतो, तेही पाहावे. हवा ४५ अंशांची व कोरडी असली, आर्द्रता शेकडा १५ असली, तर तो २४ अंशांच्या आसपास थांबतो; माठाने कितीही धडपड केली तरी याखाली त्यास जाता येत नाही. श्रावणात हवा ३० अंशांची व ओलीचिंब झाली म्हणजे हीच मर्यादा २८ वर येते, आणि माठ रुसतो. ही गोष्ट गार पाण्यापुरतीच नाही. माणसाचे शरीरही घाम वाळवूनच निवते. उन्हात राबणाऱ्या मजुराला कोरड्या ४५ पेक्षा दमट ३८ अंश का जीवघेणे वाटतात, याचे उत्तर त्या ओल्या फडक्यात आहे. तेंदूपाने तोडणाऱ्याच्या मुलाला हे महाविद्यालयात कळावयास हवे. किंबहुना त्याच्याइतके अगत्याने ते दुसऱ्या कोणी शिकावे असे मला वाटत नाही.

येथे भाषेचा प्रश्न ओघानेच येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला, घरी गोंडी किंवा माडिया बोलणारा विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजीच्या पुरात उतरतो. त्याच्या दृष्टीने ती तिसरी भाषा. मराठी परिभाषा हा यावर उपाय आहे, असे आपण उत्साहाने म्हणतो, आणि काही अंशी ते खरेही आहे. दाब, ताण, पीळ, झोत, धग हे शब्द शास्त्राने जणू घरूनच आणले. पण 'जडत्व-आघूर्ण' हा शब्द इंग्रजी शब्दाहून सोपा आहे, असे मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही. त्यापेक्षा रबरी टायर येण्यापूर्वीच्या बंडीचे चाक दाखवावे. तुंबा मधे, आरे भोवती, पुठ्ठे कडेला आणि त्यावर लोखंडी धाव. वजन कडेला जितके अधिक, तितके चाक फिरवावयास जड आणि एकदा फिरू लागले की थांबवावयासही जड. कुंभाराच्या चाकाचेही तेच. एवढे समजले की मग शब्द संस्कृत वापरा नाहीतर इंग्रजी, विद्यार्थी घाबरत नाही. त्याच चाकावर धाव कशी चढवीत, हे आजोबांना विचारून येण्यास सांगावे : ती लाल होईपर्यंत तापवीत आणि वर पाणी ओतीत. चार मीटर परिघाची लोखंडी पट्टी ६०० अंशांनी तापली की सुमारे तीन सेंटीमीटरने वाढते. निवताना तेवढीच आवळते आणि चाक घट्ट धरते. लोहाराने गणित केले नव्हते, पण त्याचा हात बरोबर होता. विद्यार्थ्याने गणित करावे आणि लोहाराचा हात किती बरोबर होता ते पाहावे.

जुन्या बंडीपाशीच थांबावे असे मात्र मी म्हणत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची एकदिश विद्युत्प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून काम करीत आहे. एका तारसमूहावर अधिक पाच लाख व्होल्ट, दुसऱ्यावर उणे पाच लाख. पूर्ण भाराने १५०० मेगावॉट शक्ती तीवरून जाते. प्रवाह किती, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तोंडी सांगेल : १५०० अँपिअर. तीच शक्ती निम्म्या दाबाने पाठविली तर प्रवाह दुप्पट आणि तारेतील उष्णतेचा नाश चौपट. ओहमचा नियम दोन व्होल्टच्या घटावर शिकवितात ते ठीकच आहे. परंतु खिडकीबाहेरच्या मनोऱ्यांवरही तोच नियम लोंबकळत आहे, हे सांगावयास किती वेळ लागतो? आणि मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारील की घराघरांत प्रत्यावर्ती प्रवाह असताना लांबच्या प्रवासास एकदिश का निवडला. त्या प्रश्नावर एक आठवडा सुखाने घालवावा.

याहून अद्भुत गोष्ट २ एप्रिल २०२२ च्या रात्री घडली. आकाशात जळते गोळे रांगेने जाताना महाराष्ट्रभर लोकांनी पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले, आणि त्याच परिसरात धातूचे पोकळ गोळेही मिळाले. ते २०२१ साली सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी अनुमान केले. दैव बलवत्तर म्हणून कोणास इजा झाली नाही. आता याचे गणित पाहा. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर धावते. त्या वेगाच्या एक किलो धातूत गतीची ऊर्जा असते सुमारे सात हजार किलोकॅलरी. आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा किलोमागे देतो साधारण चार ते पाच हजार! एक किलो अॅल्युमिनियम तापवून वितळविण्यास मात्र अडीचशे किलोकॅलरी पुरतात. तर मग ते कडे आकाशातच वितळून का गेले नाही? येथे शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये. ही उष्णता सगळी धातूत शिरते की पुढे दाबल्या गेलेल्या हवेत? मोठी पण हलकी वस्तू विरळ हवेतच मंदावते की दाट हवेत येईपर्यंत तिचा वेग टिकतो? या प्रश्नांवर वर्गाने भांडावे. आपल्या तालुक्याच्या शेतात पडलेल्या वस्तूविषयी भांडताना मुले परीक्षेचा विचार करीत नाहीत.

आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, शिक्षकांच्या जागा रिकाम्या, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची चौकट बदलली, चौथे वर्ष आले, श्रेयांक आले. शिक्षकाचा बराच काळ कागद भरण्यात जातो. हे सर्व खरे आहे. केवळ साधनांच्या अभावाची तक्रार मात्र मी अर्धीच मान्य करतो. महाग यंत्र कपाटात कुलूपबंद आणि त्याची किल्ली कोणाकडे हे कोणास ठाऊक नाही, असा प्रकार दुर्मिळ नाही. आणि माठाला कुलूप लागत नाही. मोबाइल दूरध्वनीतच आता सेकंदाच्या शतांशापर्यंत काळ मोजणारे घड्याळ, चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक आणि त्वरणमापक असतो, आणि तो बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचा तुकडा त्याजवळ नेला तर काय होते? खनिज हेमॅटाइट असेल तर जवळजवळ काहीच नाही. मॅग्नेटाइट असेल तर आकडा उडी घेतो. हा प्रयोग फुकट आहे. अवघड आहे ती गुण देण्याची रीत बदलणे. उत्तरास थोडे गुण, आणि चूक कोठून येऊ शकली याच्या विवेचनास अधिक, एवढा बदल परीक्षकाने केला की निरीक्षणे 'बसविण्याचा' धंदा एका वर्षात तोट्यात जाईल.

एक योजना सुचवून मी आपली रजा घेतो. उत्तरेस ब्रह्मपुरीपासून दक्षिणेस सिरोंच्यापर्यंत दोन्ही जिल्ह्यांतील जेवढ्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितात, त्या सर्वांनी एकाच आठवड्यात, एकाच लांबीच्या तारेवर, पाचशे आंदोलनांचा हा लंबक चालवावा आणि आपापली उत्तरे, जशी येतील तशी, अधिक-उणे चुकीसह एका तक्त्यात मांडावी. पुस्तकातील ९८० आणि इथले ९७८.६ यांतील अंतर त्या तक्त्यात एकत्रितपणे दिसावयास हवे. ब्रह्मपुरी व सिरोंचा यांतील फरक मात्र दिसणार नाही. अक्षांशाच्या हिशेबाने तो अवघा एक दशांश एककाचा आहे, आणि आमचा लंबक तेवढा सूक्ष्म नाही. कोणा मुलाने तक्त्याखाली "फरक आढळला नाही; आमच्या साधनाने तो आढळणे शक्यही नव्हते; त्यासाठी चूक याच्या तिसाव्या भागावर आणावी लागेल," असे लिहिले, तर त्यास पैकीच्या पैकी गुण द्यावे.